सुरतेचा प्लेग आणि जंतूची सुई

सुरत हे नाव मराठी माणसाच्या कानावर प्रथम पडते ते शिवचरित्रातून. १६६४ आणि १६७० या दोन साली शिवाजी महाराजांनी लुटलेली मोगलांची ही संपन्न बंदरनगरी पुढे मराठी माणसाच्या पोटापाण्याचीही नगरी झाली. तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या भुसावळ-सुरत लोहमार्गाने धुळे, जळगाव, नंदुरबार या भागांतील असंख्य कुटुंबे कापडाच्या धंद्यासाठी तेथे गेली आणि उधना, लिंबायत अशा वस्त्यांतून स्थायिक झाली. म्हणून १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग उद्भवल्याची वार्ता पसरली, तेव्हा खानदेशातील घराघरांत ती परमुलखाची वार्ता राहिली नाही; आप्तस्वकीयांची वार्ता म्हणूनच ती ऐकली गेली.

सुरतेला ही आपत्ती सर्वस्वी नवी नव्हती. १६८९ साली तेथे आलेल्या जॉन ऑव्हिंग्टन या इंग्रज धर्मोपदेशकाने आपल्या प्रवासवृत्तात, या शहरात सहा वर्षे प्लेग ठाण मांडून बसल्याचे नमूद केले आहे. त्या काळी रोगाचे कारण कोणासच ठाऊक नव्हते. १९९४ साली मात्र कारण ठाऊक होते, रोगाची वाट ठाऊक होती आणि औषधही हाताशी होते. तरीही शहर पळत सुटले. या विरोधाचा उलगडा करावयाचा तर प्लेगच्या जंतूविषयी मनुष्याने काय काय आणि कोणत्या क्रमाने जाणून घेतले, ते पाहणे उद्बोधक ठरेल.

सप्टेंबर १९९४

त्या वर्षी पावसाळा जोराचा झाला. तापीला पूर आला, सखल वस्त्यांतून पाणी शिरले आणि ते ओसरल्यावर मागे चिखल, कचरा व मेलेली जनावरे राहिली. त्याच्या आधीच, ऑगस्टमध्ये, महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यात मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. १९६६ नंतर भारतात प्लेगचा रुग्ण नोंदला गेला नव्हता; एका पिढीच्या स्मरणातून तो रोग पुसला गेला होता. १८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशीची गर्दी उसळली आणि पुढच्या दोन-तीन दिवसांतच वेड रोड परिसरातून भराभर रुग्ण नव्या सिव्हिल हॉस्पिटलात येऊ लागले. ताप, खोकला, थुंकीतून रक्त आणि पाहता पाहता मृत्यू! गाठ नाही, काही नाही. रोग थेट फुप्फुसात उतरलेला.

बातमी फुटताच लोकांचा धीर सुटला. १९९१ च्या खानेसुमारीत सुमारे १५ लाख वस्ती असलेल्या या शहरातून लक्षावधी माणसे आगगाडी, एस.टी., ट्रक, मिळेल त्या वाहनाने बाहेर पडली. अनेक खाजगी दवाखान्यांना कुलपे लागली. टेट्रासायक्लीन या औषधाच्या गोळ्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. दिल्ली-मुंबईपर्यंत लोक तोंडाला रुमाल बांधून हिंडू लागले आणि काही परकीय राष्ट्रांनी भारताशी असलेली विमानवाहतूक थांबविली. मृतांची संख्या हजारांवर गेल्याच्या कंड्या पिकत होत्या. प्रत्यक्षात जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार त्या वर्षी सबंध भारतात संभाव्य प्लेगचे ८७६ रुग्ण आणि ५४ मृत्यू झाले. त्यांपैकी बहुतेक मृत्यू सुरतेतले होते.

चोपन्न हा आकडा लहान नव्हे. प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे. परंतु एवढ्या मृत्यूंनी एवढे मोठे शहर रिकामे व्हावे, याचे कारण केवळ त्या आठवड्यात शोधून सापडत नाही. ते शंभर वर्षे मागे जाऊन शोधावे लागते.

कोण आणि कोणत्या वाटेने

१८९४ साली, म्हणजे सुरतेच्या घटनेपूर्वी बरोबर शंभर वर्षे, हाँगकाँगमध्ये प्लेगची साथ चालू असता अलेक्झांडर येरसिन या संशोधकाने रुग्णाच्या गाठीतील द्रवात एक आखूड, दोन्ही टोकांना गडद रंग घेणारा जंतू पाहिला. त्याच सुमारास जपानचे कितासातो हेही तेथे याच शोधात होते. पुढे येरसिनच्याच नावावरून या जंतूला ‘येर्सिनिया पेस्टिस’ म्हणू लागले. मारेकरी कोण, हा प्रश्न सुटला.

दोनच वर्षांनी हा मारेकरी मुंबईत उतरला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत मारलेल्या जंतूंची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळच्या ज्या संस्थेला १९२५ पासून त्यांचे नाव आहे, ती याच प्रयोगशाळेतून वाढली. पुण्यात साथीने कहर केला. रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाला बळी पडल्या. सोजिरांनी घरांत शिरून केलेल्या तपासण्या, माणसांना ओढून नेऊन छावण्यांत डांबणे, सामानाची जाळपोळ यांचा संताप २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झाडलेल्या गोळीतून प्रकट झाला. जुन्या मराठी लेखनात ‘ग्रंथिक संनिपात’ म्हणून ओळखला जाणारा हा रोग त्यानंतरच्या काही दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे घेऊन गेला. १९९४ साली सुरतेहून पळणाऱ्यांच्या मनात जी भीती होती, ती आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेली ही भीती होती.

दुसरा प्रश्न वाटेचा. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत एक साधा प्रयोग केला. आजारी उंदीर आणि निरोगी उंदीर यांना एकमेकांना शिवता येणार नाही, पण पिसवांना उड्या मारून जाता येईल, अशा रीतीने ठेवले. निरोगी उंदरालाही प्लेग झाला. पिसू हीच वाट, असे सिमाँने सांगितले. पण आरंभी फारसे कोणी मानले नाही. परळ येथे १९०५ पासून काम करणाऱ्या संशोधन मंडळाने हजारो उंदीर तपासून या म्हणण्याला भक्कम आधार दिला. पिसू, उंदीर आणि माणूस ही साखळी सर्वमान्य झाली. रुग्णाच्या फुप्फुसात जंतू शिरला की मग पिसवेचीही गरज उरत नाही, खोकल्याच्या तुषारांतून तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, हेही कळले.

तथापि तिसरा प्रश्न तसाच राहिला. मनुष्याच्या शरीरात पहारेकऱ्यांची कमतरता नाही. रक्तात आणि ऊतींत फिरणाऱ्या भक्षक पेशी परका जंतू दिसताच त्याला गिळतात, जाळतात आणि इतरांना हाक घालून बोलावतात. गाठ सुजणे, ताप चढणे हीही या लढाईचीच चिन्हे होत. असे असता प्लेगचा जंतू या पहाऱ्यातून निसटतो कसा? गाठीच्या प्लेगमध्ये उपचार न मिळाल्यास शंभरांतील तीस ते साठ रुग्ण दगावतात. फुप्फुसाच्या प्लेगमध्ये तर जवळजवळ सर्वच. एवढे सामर्थ्य या क्षुद्र जीवात आले कोठून?

कॅल्शियमचे कोडे

उत्तराचा पहिला धागा १९५० नंतरच्या दशकात हाती आला, तोही विचित्र स्वरूपात. मनुष्यशरीराच्या, म्हणजे ३७ अंश सेल्सियस उष्णतेवर प्लेगचे जंतू वाढविले आणि त्यांच्या अन्नद्रवातून कॅल्शियम काढून घेतले, की त्यांची वाढ थांबते. पिसवेच्या शरीराइतक्या कमी उष्णतेवर मात्र त्यांना कॅल्शियमची गरज भासत नाही. त्याच दशकात इंग्लंडमधील संशोधकांना रोगकारक जंतूंत एक प्रथिन आढळले. त्याला त्यांनी ‘व्ही’ हे अक्षर दिले. ज्या जंतूंत ते नसे, ते निरुपद्रवी ठरत. कॅल्शियमचा, उष्णतेचा आणि या प्रथिनाचा एकमेकांशी संबंध असावा असे दिसत होते. पण तो कोणता, हे कळत नव्हते.

१९८० च्या सुमारास असे आढळले की, हे सर्व गुण जंतूच्या मुख्य गुणसूत्रात नसून त्याच्याजवळ असलेल्या जनुकांच्या एका लहानशा वर्तुळात, म्हणजे प्लास्मिडमध्ये आहेत. ते वर्तुळ हरवले की जंतू जगतो, परंतु मारू शकत नाही. या वर्तुळावरून तयार होणारी काही प्रथिने जंतूच्या बाह्य आवरणावर सापडली, म्हणून त्यांना आवरणाचीच प्रथिने समजून ‘योप’ असे नाव मिळाले. वस्तुतः ती आवरणाची नव्हती. १९९० साली ब्रसेल्स येथील गी कॉर्नेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, ही प्रथिने जंतू बाहेर टाकतो आणि त्यासाठी तोवर माहीत असलेल्या नेहमीच्या मार्गांहून निराळाच मार्ग वापरतो. जंतूंनी प्रथिने बाहेर टाकण्याचे जे प्रकार पुढे क्रमांकवार लावण्यात आले, त्यांत या मार्गाला तिसऱ्या प्रकारची स्रवण-यंत्रणा असे नाव पडले.

आणि मग १९९४ साल उजाडले. सुरतेची साथ ज्या वर्षी आली त्याच वर्षी, तिच्याशी काहीएक संबंध नसता, युरोपातील दोन प्रयोगशाळांनी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रसिद्ध केले. हे प्रयोग प्लेगच्या जंतूवर नव्हे, तर त्याच्या पोटाचे विकार करणाऱ्या दोन भाऊबंदांवर झाले. पण प्लास्मिडाचे वर्तुळ तिघांतही सारखेच असते. कॉर्नेलिस यांच्या प्रयोगातील युक्ती समजण्यास सोपी आहे. त्यांनी एका योप प्रथिनाला डांग्या खोकल्याच्या जंतूतील एक एन्झाइम जोडले. हे एन्झाइम प्राण्याच्या पेशीत शिरल्याखेरीज कामच करीत नाही. जंतू पेशींवर सोडले आणि पेशींच्या आत त्या एन्झाइमचे काम चालू झालेले आढळले. जंतू स्वतः मात्र बाहेरच होता! स्वीडनमधील उमेओ येथे हान्स वोल्फ-वाट्स यांच्या प्रयोगशाळेतही हेच दिसले. शिवाय जंतू जेथे पेशीला चिकटला असेल तेथूनच आणि चिकटल्यानंतरच प्रथिन आत जाते, हेही तेथे उघड झाले. हवेत बाण सोडावेत तसे विष आजूबाजूला सोडून न देता, जंतू ते पेशीच्या अंगाला भिडून थेट आत घालतो. कॅल्शियमचे कोडेही यामुळे सुटले. प्रयोगशाळेत कॅल्शियम काढून घेणे म्हणजे पेशीचा स्पर्श झाल्याचा खोटा इशारा देणे होते.

सुईची घडण आणि तिचे काम

ही यंत्रणा प्रत्यक्ष डोळ्यांना दिसली ती १९९८ साली, आणि तीही आतड्यांचे विकार करणाऱ्या साल्मोनेला या जंतूत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जंतूच्या दोन्ही आवरणांत रुतलेली एक बैठक आणि तिच्यातून बाहेर आलेली एक पोकळ नळी दिसली. हुबेहूब इंजेक्शनची सुई. येर्सिनियातही अशीच सुई आहे. तिची लांबी सुमारे ६० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या साठपट. तिची पोकळी इतकी अरुंद की, प्रथिनांची घडी उलगडून ती दोऱ्यासारखी ओवून न्यावी लागतात. एकेका जंतूच्या अंगावर अशा अनेक सुया असतात. या सुईची बैठक जंतूंना पोहण्यासाठी असलेल्या शेपटीच्या मुळाशी नाते सांगते. गंमत अशी की, प्लेगचा जंतू स्वतः पोहू शकत नाही.

आणि पन्नास वर्षांपूर्वीचे ते ‘व्ही’ प्रथिन? ते सुईच्या अगदी टोकाशी बसलेले असते, असे २००५ साली दिसून आले. पेशीच्या पटलाला छिद्र पाडण्याच्या कामी त्याचे साहाय्य होते.

या सुईतून आत जाणारी प्रथिने मोजकी, पण प्रत्येकाचे काम नेमके आहे. काही प्रथिने भक्षक पेशीच्या आतील सांगाडा मोडतात, म्हणजे तिला हात पुढे करून जंतूला कवटाळता येत नाही. एक प्रथिन ‘गिळा’ असा पेशीतला निरोपच पुसून टाकते. आणखी एक प्रथिन पेशीच्या केंद्राकडे जाणारा धोक्याचा संदेश मध्येच तोडते, त्यामुळे ती इतर पेशींना हाक घालू शकत नाही. शेवटी ती मरून जाते. याच २००५ साली अमेरिकेतील संशोधकांनी प्लेग झालेल्या उंदरांत, सुईचा मारा कोणत्या पेशींवर होतो ते तपासले. तो बहुतांशी भक्षक पेशींवर आणि त्यांच्या सोबत्यांवरच होता. दरोडेखोराने घरात शिरण्याआधी पहारेकऱ्याचे हातपाय बांधून तोंडात बोळा कोंबावा, तसा हा प्रकार आहे.

याचा परिणाम काय होतो, हे उंदरांवरील फुप्फुस-प्लेगच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. पहिले सुमारे दीड दिवस फुप्फुसात जंतू बेसुमार वाढत असतात. पण सूज नाही, दाह नाही, काही गडबड नाही. मग एकाएकी सारे फुप्फुस दाहाने भरून जाते, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. पिसवेच्या थंड शरीरातून आलेल्या जंतूला मनुष्यशरीरात आल्यावर सुया तयार करण्यास थोडा अवधी लागतो. रुग्णाच्या खोकल्यातून आलेला जंतू मात्र आधीच ३७ अंशांवर वाढलेला आणि सज्ज असतो. वेड रोडवर गाठीवाचूनच रुग्ण कोसळत होते, त्याचा अर्थ या दृष्टीने पाहिला म्हणजे उमगतो.

सुरतेचा धडा

प्लेगच्या भीषणतेचे मर्म असे वेळेत आहे. शरीराची हाक उशिरा उठते, म्हणून वैद्यकाची हाक लवकर उठावी लागते. फुप्फुसाच्या प्लेगमध्ये लक्षणे दिसू लागल्यापासून सुमारे एका दिवसाच्या आत योग्य प्रतिजैविक मिळाले, तर रोगी वाचण्याची आशा मोठी असते. त्यानंतर ती झपाट्याने कमी होते. टेट्रासायक्लीनसारखी स्वस्त औषधे जंतूला आजही मारतात. सुरतेत जे डॉक्टर आणि परिचारिका रुग्णालयात पाय रोवून उभे राहिले, त्यांनी निदानाच्या वादात वेळ न दवडता औषधे सुरू केली. शहराबाहेर गेलेल्या लक्षावधींबरोबर रोग देशभर फैलावेल ही भीतीही खरी ठरली नाही.

निदानाचा वाद मात्र बरीच वर्षे चालला. आरंभी जंतूंची वाढ करून पक्का पुरावा मिळेना, तेव्हा हा प्लेगच नव्हे, दुसराच कोणता तरी ताप आहे, असेही म्हटले गेले. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तो प्लेगच असल्याचा निर्वाळा दिला. पुढे २००० साली हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्या साथीतील जंतूंच्या जनुकद्रव्याची तपासणी प्रसिद्ध केली, आणि तिनेही येर्सिनिया पेस्टिसवरच शिक्कामोर्तब केले.

शहराने आपल्या परीने उत्तर दिले. १९९५ साली एस. आर. राव हे महापालिकेचे आयुक्त झाले. कचरा रोज उचलला जाऊ लागला, अधिकाऱ्यांना दररोज वस्त्यांतून हिंडणे भाग पडले, गलिच्छ उपाहारगृहांवर कारवाई झाली. थोड्याच काळात प्लेगचे शहर देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर इंदूरच्या बरोबरीने त्याला पहिला क्रमांक मिळाला. उंदीर आणि पिसू यांची वाट अडविणे हा सिमाँच्या शोधाचा व्यवहार सुरतेने असा अमलात आणला.

तिसऱ्या शोधाचा व्यवहार अजून पुरा व्हावयाचा आहे. हिमाचल प्रदेशात २००२ साली आणि उत्तरकाशी जिल्ह्यात २००४ साली प्लेग पुन्हा डोकावला. २०१७ साली मादागास्करमध्ये फुप्फुसाच्या प्लेगची मोठी साथ आली. त्याच बेटावर १९९५ साली अनेक औषधांना दाद न देणारा प्लेगचा जंतू एका रुग्णात सापडला होता. औषधे बोथट होण्याचा हा संभव ध्यानात घेऊन शास्त्रज्ञ दोन दिशांनी प्रयत्न करीत आहेत. सुईच्या टोकावरचे ‘व्ही’ प्रथिन आणि जंतूच्या कवचातील दुसरे एक प्रथिन यांची मिळून लस करावयाची, ही एक दिशा. जंतूला न मारता केवळ त्याची सुई बंद पाडील असे औषध शोधावयाचे, ही दुसरी. अशी औषधे साधली तर त्यांचा लाभ प्लेगपुरता राहणार नाही. विषमज्वर आणि रक्ती आव यांचे जंतूही तिसऱ्या प्रकारचीच सुई वापरतात. क्षयाच्या जंतूची यंत्रणा निराळ्या प्रकारची आहे. बालकांना टोचल्या जाणाऱ्या बीसीजी लशीतील जंतू निरुपद्रवी ठरला, त्याचे एक मोठे कारण त्याने त्या यंत्रणेतील जनुके गमावली, हेच होय.

१८९४ मध्ये जंतू दिसला, १८९८ मध्ये त्याची वाट दिसली आणि १९९४ मध्ये त्याचा हात दिसला. प्रत्येक शोधाबरोबर भीतीचे क्षेत्र थोडे आक्रसले. सुरतेतून पळालेल्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही; त्यांच्यापर्यंत पहिल्या दोन शोधांचे सार कोणी वेळीच पोचविले नव्हते. रोग कोणता, तो कसा पसरतो, औषध कोठे मिळेल आणि किती तासांच्या आत घ्यावयाचे, एवढे चार शब्द नागरिकाला वेळेवर आणि विश्वासाने सांगणारी व्यवस्था असली, तर पुढच्या प्रसंगी गावे ओस पडण्याचे कारण उरणार नाही.